डबक्याची मुदत

"मॅडम, तुम्ही बायोलॉजीच्या ना? बेडकांसाठी काय फवारायचं?" सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज आला तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. खाली जोडलेले हात. विचारणारे आमचे सेक्रेटरी. माणूस अजिबात वाईट नाही, लिफ्ट बंद पडली की म्हाताऱ्यांच्या दुधाच्या पिशव्या स्वतः जिने चढून वर पोचवणारा. त्या दिवशी दुपारपासून नाशिकवर मोसमातला पहिला खरा पाऊस कोसळला होता. आमच्या बिल्डिंगमागे कित्येक वर्षं नुसताच पडून असलेला एक प्लॉट आहे. दिवेलागणीपासून तिथे जो गलका सुरू झाला, त्याने दोन्ही विंग जाग्या ठेवल्या होत्या. कुणी त्याची व्हॉइस नोट करून टाकली, जणू खिडकी बंद करून बसलेल्यांचं ऐकायचं राहिलंय. कुणी लिहिलं, अंबडला सकाळी सातची शिफ्ट आहे, झोपायचं कधी? आणि मग माझ्या नावाने हा प्रश्न.

राग आला असं नाही. खटकला तो त्यातला सरळपणा. मुंग्यांना खडू, झुरळांना जेल, वाळवीला भिंतीत भोकं पाडून औषध, डासांना धूर. तशी बेडकांसाठीही एखादी बाटली दुकानात असणारच, आपल्याला फक्त नाव ठाऊक नाही. ज्युनिअर कॉलेजात पस्तिसेक वर्षं शिकवल्यावर पोरांचे प्रश्न अंगवळणी पडलेले असतात, पण याला काय उत्तर द्यावं ते सुचेना. "काही नाही" असं लिहिलं, ते फारच तुटक वाटलं म्हणून खोडलं, आणि टॉर्च घेऊन खाली उतरले.

गेटवर आमचे वॉचमनकाका खुर्ची टाकून बसले होते. सुरगाण्याकडचे. मी मागच्या भिंतीकडे निघालेली बघून तेही उठले. "साप असतोय मॅडम, पाय बघून टाका," म्हणाले आणि काठी आपटत पुढे झाले. भिंतीला जिथे भगदाड आहे तिथून प्लॉट दिसतो. एरवी गाजरगवत, फुटलेल्या टाइल्स, कुणीतरी टाकून दिलेलं सोफ्याचं फोम. त्या रात्री तिथे गुडघाभर पाणी होतं, आणि टॉर्चचा झोत पडला तिथे पिवळेजर्द बेडूक. हळदीच्याही पुढचा, डोळ्याला टोचणारा पिवळा. गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन निळ्या पिशव्या. ओरडताना त्या टचकन फुगायच्या, आवाज संपला की आत जायच्या आणि बेडकाभोवतीच्या पाण्यात बारीक वर्तुळं उठत राहायची. एक नर दुसऱ्याच्या पाठीवर चढला, खालच्याने मागच्या तंगड्या झाडून त्याला उडवून दिलं. तो पडला तिथे तिसरा. या सगळ्या धुमश्चक्रीतून एक मोठी शेवाळी रंगाची मादी कुणाकडेही न बघता चालली होती. दर जूनमध्ये या पिवळ्या बेडकांचे व्हिडिओ फिरतात, खाली लिहिलेलं असतं, परदेशी विषारी जात आपल्याकडे आली, सावधान. परदेशी कसली, हा आपला नेहमीचा मोठा बेडूक. भारतातल्या सगळ्यात मोठ्या बेडकांपैकी एक, तळहातात न मावणारा. वर्षभर मातकट हिरवा असतो आणि पहिल्या जोरदार पावसाच्या त्या चार घटका नर असा नटतो. काम उरकलं की रंग उतरतो.

"किती दिवस चालेल हे?" मी विचारलं.

"दोन रात्री वरडतील. फार तर तीन. काम झालं की गप."

तेच मी ग्रुपवर लिहिलं, काकांच्या नावानिशी. त्यावर एक अंगठा आला.

वर येऊन गॅलरीत बसले. झोप तशीही गेली होती. डराव डराव असं आपण सगळ्या बेडकांचं एकच बोलणं लिहून टाकतो, पण कान बसला की त्यात माणसं वेगळी काढता येतात. तळातला खर्ज त्या पिवळ्यांचा. त्याच्यावर भेकाची, म्हणजे अंगावर गाठी असलेल्या खडबडीत बेडकाची, लांबच लांब, न तुटणारी किरकिर. पलीकडच्या बदामाच्या झाडावरून थांबून थांबून टक, टक, टक: झाडावरचा बेडूक, त्याला घाई नाही. आणि या सगळ्यांच्या वर, गवतातून, फणीच्या दात्यांवरून नख ओढावं तसा करकरीत आवाज. तो काढणारा प्राणी अंगठ्याच्या पेरापेक्षा जेमतेम मोठा असतो, आणि सोसायटीच्या झोपेचं सगळ्यात जास्त खोबरं तोच करतो, हे मी सेक्रेटरींना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही. ओरडतात ते फक्त नर. मादी ऐकते, निवडते. प्रत्येक जातीची मादी एवढ्या कल्लोळातून आपल्या जातीचाच आवाज वेचते.

आणि ते सगळे एकदम ओरडत नाहीत, हेही बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. एक थांबतो, त्या फटीत दुसरा घुसतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं १०३वं सूक्त बेडकांचं आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांसारखे निपचित पडलेले हे बेडूक पावसाने बोलते होतात, आणि शिकणारा शिकवणाऱ्याचे शब्द उचलतो तसा एक दुसऱ्याचं बोलणं उचलतो, असं त्यात म्हटलंय. लहानपणी पंचवटीत आत्याकडे राहायला गेलं की पहाटे जवळच्या पाठशाळेतली संथा ऐकू यायची. गुरुजी एक चरण म्हणायचे, मागून मुलं दोनदा, कुणी अर्धवट झोपेत, कुणी नको तितक्या जोरात. कुणाला त्या सूक्तात ब्राह्मणांची थट्टा दिसते, कुणाला पावसाची प्रार्थना. मला एवढंच दिसतं की ते रचणारा माणूस डबक्याकाठी पुरेसा वेळ बसलेला होता.

आमचा स्वतःचा वाडा जुन्या नाशकात, भद्रकालीच्या बाजूच्या बोळात. न्हाणीघरात तांब्याचा बंब, दगडी डोण आणि चुन्याच्या भिंती. त्या भिंतीवर, बंबाच्या मागे, पावसाळा सरला की एक बेडकी मुक्कामाला यायची. हात-पाय पोटाशी घट्ट ओढलेले, डोळे मिटलेले, रंग भिंतीसारखाच फिकट होत गेलेला. बोटांच्या टोकांना गोल चकत्या; त्यांच्या जोरावर उभ्या भिंतीला महिनोन्महिने चिकटून. आजी गरम पाणी ओतायच्या आधी तिला सांगायची, "सरक गं बाई." ती सरकायची नाही. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून घेतो, बहुतेक पोटाखालच्या आणि मांड्यांच्या कातडीतून. म्हणून ओल्या जागी पोट टेकून बसणं हेच त्याचं पाणी पिणं. हे मी पुढे शिकले आणि शिकवलं. आजीला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण उन्हाळ्यात गावाला जाताना ती डोणीत थोडं पाणी ठेवून जायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, दगड तडकतो.

हीच आजी तुळशीपाशी आलेल्या भेकाला मात्र केरसुणीने लोटून द्यायची. अंगावर मुतला की चामखीळ उठते, हे तिचं ठाम मत. चामखीळ विषाणूने होते, भेकाच्या अंगावरच्या गाठी म्हणजे ग्रंथी. डोळ्यांच्या मागे दोन फुगीर उंचवटे असतात, त्यांतून दाबल्यावर पांढरा चिकट स्राव येतो; वाड्यातल्या कुत्र्याने एकदा भेक तोंडात धरला आणि तासभर फेस गाळत अंगणात फिरत राहिला. आजीला तेवढा पुरावा पुरे होता. पण मला त्या दोघांत भेकच जास्त आवडायचा. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्याखाली येऊन पडते, तेव्हा भेक जोत्याच्या खालून निघून बरोबर उजेडाच्या कडेला बसायचा. मी पायरीवर पोटावर पडून बघायचे. कीड हलली की भेक आधी नुसता मान वळवायचा. मग मागच्या पायाचं एक लांब बोट थरथरायला लागायचं, बाकी सगळं अंग दगड. मग काहीतरी चमकून जायचं आणि कीड तिथे नसायची. बेडकाची जीभ पुढे, ओठापाशी जोडलेली असते, मागचं टोक मोकळं, म्हणून ती अशी उलटी बाहेर फेकता येते. आणि गिळताना दोन्ही डोळे आत बुडायचे, कवटीच्या आत, घास मागे ढकलायला. फार समाधानाने जेवतोय असं वाटायचं. समाधानाचा त्यात काही संबंध नाही, पण आजही कुणी डोळे मिटून श्रीखंड खायला लागलं की मला तो भेक आठवतो.

पाऊस आणि बेडूक यांचं आपलं नातं तसं पक्कं आहे. मामी अजूनही पंचांगात बघते, यंदा मृगाचं वाहन काय. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की खूश, कोल्हा निघाला की दिवसभर तोंड पाडून. पाऊस लांबला की धोंडी निघायची, कडुलिंबाचा पाला गुंडाळलेलं पोर आणि काही गावांत मुसळाला बांधलेला बेडूक. बायका घराघरातून पाणी ओतायच्या. बेडकाला त्यात काय वाटत असेल ते असो, कडक उन्हात अंगावर पाणी तरी पडायचं. देव म्हणून बांधायचं, वाहन म्हणून मोजायचं, आणि दाराशी आला की केरसुणी.

बेडूक म्हटलं की आपल्याला नदी, तळं, कमळाचं पान असं काहीतरी दिसतं. तिथेच आपलं गणित चुकतं. बारमाही पाण्यात चोरट्यासारखा डोळे वर काढून तरंगणारा, चाहूल लागली की पाण्याच्या पाठीवरून टपटप उड्या मारत पळणारा एक बेडूक आहे खरा. पण आपल्या भागातल्या बऱ्याच जातींना अंडी घालायला हवं असतं ते न टिकणारं पाणी. कारण साधं: टिकणाऱ्या पाण्यात मासे असतात. गोदावरीत सोडलेल्या अंड्यांवर आणि टॅडपोलवर, म्हणजे त्यांतून निघालेल्या शेपटीवाल्या पिल्लांवर, तिलापियाच काय, कुणीही ताव मारेल. जूनला भरणाऱ्या आणि पुढे आटून जाणाऱ्या डबक्यात मासा कुठून येणार? म्हणून पहिल्या पावसाच्या रात्री एवढी घाई, एवढी मारामारी, एवढा आरडाओरडा. मुदत त्याच क्षणी सुरू झालेली असते. भेकाची अंडी चिकट पारदर्शक दोरीत माळलेली, गवताच्या काड्यांभोवती गुंडाळलेली. झाडावरची बेडकी पाण्यावर आलेल्या फांदीला किंवा काठाला फेसाचं घरटं करते, पिल्लं त्यातून खाली पाण्यात टपकतात. पुढचे काही आठवडे शर्यत. पाणी आटत चाललंय हे कळलं की कित्येक जातींचे टॅडपोल वाढ आवरती घेतात आणि लहान अंगाने का होईना, पाय फोडून बाहेर पडतात. आंबोलीच्या पठारावर एक पिवळ्या पट्ट्यांचा भेक आहे, २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याला जात म्हणून नाव दिलं, जगात तेवढ्याच टापूत सापडतो. तो अंडी घालतो कातळावरच्या बोट-दोन बोट खोल पाण्यात. तिथून गाडी गेली की संपलं.

आणि आपण नेमकं तेच पाणी हिशेबात धरत नाही. गंगापूर धरण किती टक्के भरलं ते रोज पेपरात येतं. नांदूरमधमेश्वर हे रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ, तिथे हिवाळ्यात मोठाल्या लेन्स घेऊन माणसं रोहित पक्ष्यांसाठी उभी असतात, आणि पायाशी बेडूक टिपणाऱ्या बगळ्याकडे कुणी बघत नाही. मग रस्त्याकडेचा चर, विटभट्टीचा खड्डा, वादात अडकलेला प्लॉट यांची नोंद कोण ठेवणार? शहर वाढतं ते याच जागांवर. घाट काँक्रीटचे, अंगणात पेव्हर ब्लॉक, नाल्याला दोन्हीकडून भिंत, आणि आता २०२७च्या सिंहस्थाचे रस्ते. रस्ते हवेतच, मीही त्यावरूनच जाणार आहे. दिंडोरी-निफाडकडे तर पाणी पूर्वीपेक्षा जास्त दिसतं, दर चार शेतांमागे एक शेततळं. पण त्याच्या आत प्लॅस्टिकचा कागद, उतार गुळगुळीत. बेडूक उडी मारून आत जातो, बाहेर येताना घसरतो. एका ओळखीच्या बागायतदाराने कागदावर जुनी सुतळीची जाळी सोडून ठेवलीय. सरडे, उंदीर, बेडूक चढून येतात म्हणे. खर्च शून्य.

बरं, पाणी हा तरी त्याचा अर्धाच संसार. उरलेलं वर्ष हा जातो कुठे? मातीत. आपल्याकडे एक गुबगुबीत, आखूड तोंडाचा बेडूक आहे. त्याच्या मागच्या पावलाला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो. तो तोंड वर ठेवून पार्श्वभागाने माती उकरत मागे मागे खाली जातो, तुमच्याकडे बघत बघत. शेवटी दोन डोळे, मग तेही नाहीत, आणि वर माती सारखी. एकदा हे एका पोराने वर्गात कुंडी आणून दाखवलं होतं आणि ती तासिका माझ्या हातून कायमची गेली. नांगरताना असे बेडूक ढेकळांबरोबर वर येतात. जुनी माणसं उचलून बांधावर ठेवायची. रोटाव्हेटरच्या पात्याखाली काही वर येत नाही.

कॉलेजात मी जे शिकवलं त्यात बेडूक बहुतेक वेळा उताणा असायचा. मेणाचा ट्रे, टाचण्या, कात्रीचं टोक, छाती उघडल्यावरही धडधडत राहणारं तीन कप्प्यांचं हृदय. पुरवठादार गोणीत घालून आणायचा. एक-दोन मुली रडायच्या, एखादा मुलगा उगाच मोठ्याने हसायचा, आणि जर्नल पूर्ण व्हायचं. पुढे विच्छेदन बंद झालं, बरं झालं. तिकडे बेडकांच्या तंगड्या गोठवून परदेशी पाठवण्याचा मोठा धंदा देशात चालायचा, तो सरकारने १९८७ला थांबवला. शेतातली कीड खाणारा प्राणी टनांनी बाहेर पाठवायचा आणि कीटकनाशक आत आणायचं, हा व्यवहार कुणाच्या तरी उशिरा का होईना लक्षात आला. जेवणात आणि ट्रेमध्ये जेवढे गेले असतील ते असोत. आता जी घट आहे ती अशी गोणीत मोजता येत नाही.

सेक्रेटरींची बाजू मला पटत नाही असंही नाही. आवाज खरंच कान किटवतो. बेडकामागे धामण येते, नागही येतो, आणि पार्किंगमध्ये लहान मुलं खेळतात. ग्रुपवर मी लिहू शकले असते की बेडूक डास खातात, त्यांना जपा. ते अर्धवट खरं आहे. मोठ्या बेडकाचं पोट डासांवर भरत नाही, त्याला झुरळ, नाकतोडा, प्रसंगी उंदराचं पिल्लू लागतं. उलट डेंगीचा डास त्या गढूळ डबक्यात नसतोच; तो आपल्या कूलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टायरात. पण उपयोग दाखवल्याशिवाय कुणाला राहू द्यायचं नाही, हे बोलणं मला स्वतःलाच आवडेना. उपयोगाच्या यादीत मी तरी आता कुठे बसते?

तिसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटवर मुरमाचे डंपर आले. डासांची तक्रार गेली होती म्हणे, कुणी केली ते कुणी सांगितलं नाही. दुपारपर्यंत पाऊण प्लॉट तांबडा झाला. काकांच्या हिशेबाने बेडूक त्या रात्री तसेही गप्प बसणारच होते. त्यामुळे ग्रुपवर सगळ्यांना वाटलं, मुरमाचा गुण आला. दक्षिणेचा कोपरा तेवढा उरला. गाडी तिथवर वळत नव्हती. त्यात काळे ठिपके वळवळताना दिसले, भेकाचे असावेत. बाकीच्यांवर किती ब्रास पडला ते मालकाला माहीत.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत घोटीजवळच्या आजोळी गेले. नाशिकहून तासाभराचा रस्ता, पण पाऊस तिथे कैक पट. आमच्याकडे शिडकावा असतो तेव्हा तिथे समोरचा डोंगर दिसत नाही. लहानपणी त्या खाचरांवरून रात्री जो आवाज यायचा त्यात बोलणं ऐकू यायचं नाही, मोठी माणसं ओरडून बोलायची. या वेळी पडवीत बसून आम्ही सगळे साध्या आवाजात बोललो. मी मामेभावाला म्हटलं, आवाज कमी झालाय रे.

"झालाय ना. आवणीनंतर तणनाशक मारतो आता."

"नको मारूस मग."

"ताई, निंदायला बाई मिळत नाही. सगळ्या गोंद्याला कंपनीत जातात. तू येतेस?" तो हसला. मग म्हणाला, "विहिरीकडच्या खाचराला नाही मारत. घरच्या खाण्याचा तांदूळ तिथला. तिकडं हायेत अजून, रात्री जाऊन ऐक."

"आणि विकायचा?"

तो काही बोलला नाही. मामीने पानात आणखी भात वाढला आणि विचारलं, दिवाळीनंतर तुझ्यासाठी पोतं ठेवते, कुठलं ठेवू?

मी विहिरीकडचं मागितलं.